वाचकांचे प्रश्न : हमिंगबर्ड कोणता, शिंजीर कोणता?

सावर आणि पांगारा फुलायला लागले की 'आमच्या गॅलरीत हमिंगबर्ड आला' अशी पत्रे या सदराकडे हमखास येतात. या वेळी त्यांच्यासोबत खऱ्याखुऱ्या हमिंगबर्डबद्दल विचारणारे एक पत्रही आले. म्हणून सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत हॅमेलियाची कुंडी आहे. रोज सकाळी एक चिमुकला पक्षी फुलासमोर हवेतच थांबून मध पितो. व्हिडिओ पाहून सगळे नातेवाईक 'हमिंगबर्ड' म्हणाले. मुंबईत हमिंगबर्ड येतात का? (वाचक, मुलुंड)

उत्तर : येत नाहीत. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्या एकूणएक अमेरिकेच्या दोन खंडांत आणि भोवतालच्या बेटांवर राहतात, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला टिएरा डेल फुएगोपर्यंत. फार पूर्वी ते युरोपातही होते. जर्मनीत साधारण ३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत. आज मात्र अटलांटिकच्या अलीकडे एकही जात नाही.

तुमच्या कुंडीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघांची कुळे अगदी वेगळी, पण दोघेही फुलांतल्या मधावर जगणारे, म्हणून दिसायला जवळ आलेले. व्हिडिओ पुन्हा लावा आणि पक्ष्याचे पाय बघा. शिंजीर फांदी पायांनी घट्ट धरतो, उलटा लटकतो, टुणटुण उड्या मारत पुढच्या घोसापर्यंत जातो. हवेत थांबतो तो दोन-चार सेकंदच, तेही बसायला धड जागा नसली तर. हमिंगबर्डचे पाय इतके आखूड असतात की त्याला फांदीवर चालता येत नाही. इंचभर सरकायचे असले तरी तो पंख हलवतो. मध पिऊन झाल्यावर तो सरळ मागे उडत फुलातून चोच बाहेर काढतो. शिंजिराला हे जमत नाही, तो बाजूला वळतो किंवा खाली कलतो. शिंजिराची चोच खाली वाकलेली असते. बहुतेक हमिंगबर्डची सरळ असते, पण हर्मिट नावाच्या गटातल्यांची चांगलीच वाकडी असते, त्यामुळे नुसत्या चोचीवरून निकाल देऊ नये.

आणखी एक गोष्ट तुम्हाला घरीच बघता येईल. पक्षी येऊन गेल्यावर हॅमेलियाचे एक फूल तोडून भिंगाखाली धरा. नळीच्या बुडाशी, देठाजवळ, बऱ्याचदा बारीक चीर दिसते. शिंजीर अनेकदा फुलाच्या तोंडातून चोच न घालता बुडालाच भोक पाडून मध काढतो. अशा वेळी परागकण त्याच्या अंगाला लागत नाहीत, म्हणजे फुलाच्या बाजूने ही निव्वळ चोरी. हॅमेलिया मुळात उष्ण अमेरिकेतले झुडूप आहे. तिथे हमिंगबर्ड समोरून चोच घालतात आणि परागीकरण होते.

मुलुंडच्या गॅलरीत बहुतेक वेळा येतो तो जांभळ्या पाठीचा शिंजीर. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. नराचे पोट पिवळे, छातीवर गडद तपकिरी-लाल पट्टा, गळा जांभळा, डोक्यावर हिरवी चमक. मादीचा गळा पांढुरका-राखाडी आणि छाती पिवळी. या जातीच्या नराचा पिसारा बारा महिने तसाच राहतो.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही सहकुटुंब कोस्टा रिकाला जात आहोत. ला फॉर्च्युना, सारापिकी आणि मॉन्टेवेर्दे असा बेत आहे. पक्षी दाखवणारा गाइड फक्त दोन सकाळी मिळणार, बाकी वेळ हॉटेलच्या बागेत. आम्ही नवखे. एखादा हमिंगबर्ड स्वतः, खात्रीने ओळखता यावा अशी इच्छा आहे. कोणता आणि कसा? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : रूफस-टेल्ड हमिंगबर्ड, म्हणजे तांबूस शेपटीचा. शास्त्रीय नाव अमाझिलिया त्झाकात्ल. पूर्व मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेमार्गे कोलंबिया, पश्चिम व्हेनेझुएला आणि पश्चिम इक्वाडोरपर्यंत तो राहतो. घनदाट जंगलापेक्षा त्याला जंगलाची कड, कॉफीचे मळे, केळीच्या बागा आणि माणसांची कुंपणे आवडतात. सॅन होसे शहरातल्या बागांतही दिसतो. कोस्टा रिकात हमिंगबर्डच्या ५०च्या आसपास जाती आहेत. त्यांतला हाच पहिल्या सकाळी समोर येण्याची शक्यता जास्त, म्हणून नवख्याने सुरुवात याच्यापासून करावी. तो नीट ओळखता आला की बाकीचे त्याच्याशी ताडून बघता येतात.

लांबी १० ते ११ सेंटिमीटर, वजन सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेइतके.

नवखे लोक सगळ्यात आधी गळ्याची चमक बघतात आणि तिथेच फसतात. हमिंगबर्डच्या गळ्याचा झळाळता रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. समोरून ऊन पडले तर गळा हिरवागार, पक्ष्याने मान थोडी वळवली की तोच गळा काळा. एकाच पक्ष्याच्या दोन फोटोंना दोन जातींची नावे देणारे लोक इथेच घसरतात. म्हणून क्रम असा ठेवा : आधी चोच, मग शेपूट, मग पोट, आणि गळा सगळ्यात शेवटी. चोच आणि शेपटीचा रंग ढगाळ हवेतही तसाच राहतो, आणि डिसेंबरात फॉर्च्युना-सारापिकीच्या बाजूला ढग आणि पाऊस गृहीतच धरा.

चोच मध्यम लांबीची, जवळजवळ सरळ, लाल आणि टोकाला काळी. कोवळ्या पक्ष्याच्या चोचीचा वरचा भाग काळपट असतो, लाली फक्त खालच्या भागात दिसते, तेव्हा खालूनही बघा. शेपूट विटकरी-तांबूस, टोकाला किंचित दुभंगलेली, कडेला बारीक गडद रेघ. शेपटीच्या बुडाखालची पिसेही तांबूस. पोट राखाडी. पाठ, गळा आणि छाती हिरवी. नर-मादीत फरक थोडाच : मादीच्या गळ्यावरच्या हिरव्या पिसांना पांढुरक्या कडा असतात, त्यामुळे हिरवा रंग तुटक दिसतो, आणि पोट जरा फिके. लाल चोच, तांबूस शेपूट, राखाडी पोट या तिन्ही गोष्टी एकाच पक्ष्यात दिसल्या की तुमचा पक्षी पक्का.

गफलत कुठे होते तेही सांगतो. वायव्येच्या कोरड्या ग्वानाकास्ते भागात सिनॅमन हमिंगबर्ड असतो. त्याचीही चोच लाल आणि शेपूट तांबूस, पण हनुवटीपासून खाली सगळे अंग दालचिनीच्या रंगाचे. तुमचा मार्ग ओल्या बाजूचा आहे, त्यामुळे हा घोळ फारसा होणार नाही. सारापिकीला ब्राँझ-टेल्ड प्लूमलेटिअर हा थोडा मोठा पक्षी दिसू शकतो. त्याची शेपूट काशाच्या झाकेची. खूण एकच आणि ती पुरेशी आहे : त्याचे पाय लालसर असतात. मॉन्टेवेर्देच्या उंचीवर स्ट्राइप-टेल्ड हमिंगबर्ड भेटेल. त्याचा तांबूस रंग पंखावर असतो आणि चोच काळी. ब्लू-व्हेंटेड हमिंगबर्डच्या अंगाखालचा भाग सगळा हिरवा आणि शेपूट निळी-काळी.

ओळखीला स्वभावाचीही मदत होते. तांबूस शेपटीचा हा पक्षी भांडखोर आहे. फुललेले एखादे झुडूप तो आपले मानतो, जवळच्या उघड्या काटकीवर बसून पहारा करतो आणि दुसरा कोणी आला की चटचट आवाज करत त्याच्या अंगावर धावून जातो. साखरपाण्याच्या नळीवरही हाच दादागिरी करतो. पाठलाग संपला की तो बहुधा आपल्या ठरलेल्या काटकीवर परत येतो, आणि ही गोष्ट तुमच्या फार उपयोगाची आहे.

आता प्रत्यक्ष कसे बघायचे. सकाळी सहाच्या सुमाराला बागेत उतरा. हॅमेलिया, हेलिकोनिया, जमैकन व्हर्वेन किंवा केळफूल असलेली जागा निवडा. सूर्य पाठीशी ठेवा आणि झुडपापासून तीन-चार मीटरवर बसा. उभे राहून इकडेतिकडे फिरलात तर पक्षी दिसतील, पण ओळखता येणार नाहीत. पक्ष्यामागे दुर्बीण पळवू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पहाऱ्याची काटकी शोधा, दुर्बीण तिच्यावर रोखा आणि थांबा. दुर्बीण ८ बाय ४२ची (८ पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे) चांगली, पण विकत घेण्यापूर्वी जवळात जवळ किती अंतरावर चित्र स्पष्ट होते ते तपासा. दोन मीटरच्या आसपासचे हवे. पाच मीटरपासून पुढेच स्पष्ट दिसणारी दुर्बीण इथे निरुपयोगी ठरते.

फोटोसाठी शटर १/२००० किंवा त्याहून जलद ठेवा. पंख तरीही थोडे पुसट येतील, येऊ द्या. बटण दाबायची खरी वेळ म्हणजे पक्षी फुलाशी वेग कमी करतो किंवा मागे येतो ती. तेव्हा शेपूट पसरते आणि रंग उघड होतो. फोन असेल तर स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि नंतर एकेक फ्रेम बघा. पक्षी ओळखायला मदत करणारे मर्लिन अॅप वापरणार असाल तर कोस्टा रिकाचा पक्ष्यांचा संच मुंबईतून निघण्यापूर्वी उतरवून घ्या आणि तिथे गेल्यावर ठिकाण बदलायला विसरू नका. ठिकाण मुंबईच राहिले तर अॅप तुम्हाला शिंजिरांचीच नावे सुचवत बसेल.

तिन्ही ठिकाणांत फॉर्च्युनालाच हा पक्षी पक्का करून घ्या. मॉन्टेवेर्दे साधारण १४०० मीटर उंचीवर आहे. तिथे व्हायोलेट सेबरविंगसारख्या मोठ्या, जांभळ्या पक्ष्यांची इतकी गर्दी असते की साध्या हिरव्या पक्ष्याकडे लक्षच जात नाही.

प्रश्न : राष्ट्रीय उद्यानात काळपट शिंजीर दिसतात. काही जण त्यांना जांभळा शिंजीर म्हणतात, काही जण लोटेनचा. दोघांच्या छातीवर तपकिरी पट्टा असतो असे वाचले. मग फरक कसा करायचा? (वाचक, बोरिवली)

उत्तर : पट्टा सोडून द्या. जांभळ्या शिंजिराच्या नराच्याही छातीवर अरुंद तपकिरी-लाल पट्टी असते आणि योग्य उजेडात ती छान दिसते. नर पिसे फुलवून नाचायला लागला की खांद्याजवळ पिवळे झुपके दिसतात, पण तेही दोघांना असतात. चोच बघा. लोटेनच्या शिंजिराची चोच डोक्यापेक्षा बरीच लांब आणि ठळकपणे वाकलेली. बाजूने पाहिले तर चोचच आधी नजरेत भरते. जांभळ्याची आखूड आणि बेताची वाकलेली. दुसरी खूण पोट : लोटेनचे फिकट काळसर-तपकिरी, निस्तेज. जांभळ्याचे निळसर काळे.

सप्टेंबर ते डिसेंबरात पिवळसर पोटाचा आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ असलेला पक्षी दिसला, तर तो जांभळ्या शिंजिराचा नर, विणीबाहेरच्या पिसाऱ्यातला. लोक त्याला वेगळी जात समजतात. उद्यानातच पाठ आणि छाती लालभडक, पोट राखाडी असा शिंजीर मिळाला तर तो व्हिगर्सचा. तो फक्त पश्चिम घाट आणि लगतच्या जंगलांत राहतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. मुंबईकराने परदेशी हमिंगबर्डच्या आधी तो बघावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : संध्याकाळी पेंटासच्या फुलांवर काहीतरी घोंघावते. सोंडेसारखे काहीतरी फुलात घालते, शेपटीही आहे, पण आकार दोन इंचसुद्धा नाही. हे हमिंगबर्डचे पिल्लू असेल का? (वाचक, गिरगाव)

उत्तर : तो पतंग आहे, हॉकमॉथ. हमिंगबर्डचे पिल्लू घरटे सोडते तेव्हा जवळजवळ मोठ्या पक्ष्याएवढे झालेले असते, त्यामुळे 'उडणारे बारके पिल्लू' असा प्रकार नसतो. पतंगाच्या डोक्यावर दोन मिशा असतात, आणि सोंड वापरून झाली की तो ती गुंडाळून घेतो. चोच कधी गुंडाळता येत नाही. शेपटीसारखा दिसणारा भाग खवल्यांचा झुपका असतो.

अंग हिरवट, मधे तांबडा पट्टा आणि पंख काचेसारखे पारदर्शक असतील तर तो सेफोनोडिस हायलास. त्याच्या अळ्या अनंताच्या झाडावर वाढतात. हिरवी, मागच्या टोकाला शिंग असलेली अळी अनंताची पाने फस्त करताना दिसली तर औषध मारू नका. झाड मोठे असेल तर पाने पुन्हा फुटतात. कुंडीतले लहान रोप असेल तर अळी फांदीसकट उचलून सोसायटीच्या बागेतल्या अनंतावर ठेवा. कोष करायला ती मातीत जाते, म्हणून तेव्हा खालची माती उकरू नका.

प्रश्न : शिंजीर यावेत म्हणून साखरपाण्याची बाटली लावावी का? प्रमाण काय? (वाचक, दादर)

उत्तर : अमेरिकेत हमिंगबर्डसाठी १ भाग पांढरी साखर आणि ४ भाग पाणी हे प्रमाण वापरतात. रंग घालत नाहीत. मध वापरला तर बुरशी लवकर धरते. गूळ आणि तपकिरी साखरेतले लोह या पक्ष्यांना सोसत नाही. पण मुंबईत बाटली लावूच नये, असे आमचे मत. इथल्या उकाड्यात साखरपाणी दिवसभरात आंबू लागते, बाटलीच्या तोंडाशी काळी बुरशी धरते, मुंग्यांची रांग लागते. रोज बाटली ब्रशने घासून गरम पाण्याने धुणे बहुतेकांकडून होत नाही, आणि घाणेरडी बाटली पक्ष्याला आजारी पाडते.

त्याऐवजी झाड लावा. बुटका हॅमेलिया १२ ते १४ इंची कुंडीत चांगला येतो. चार-पाच तास ऊन हवेच. उत्तरेकडच्या गॅलरीत पाने भरपूर येतील, फुले मोजकी. पावसाळ्यात १५ ते २० सेंटिमीटरची, पेन्सिलीहून बारीक फांदी लावली तर मुळे धरते. फुले नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून फुलून गेलेले शेंडे दर दोन महिन्यांनी थोडे छाटा. एकदम बोडके केले तर महिनाभर मध बंद. जोडीला जास्वंद, रसेलिया किंवा पावडरपफ ठेवले तर सहसा एखादे तरी फुललेले असते.

पिठ्या ढेकूण लागला की नर्सरीवाले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक देतात. ते वापरू नका. ते झाडात शोषले जाऊन मधातही उतरते. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूलाही. आणि गॅलरीतले कोळी झाडून काढू नका. शिंजीर पिल्लांना मध नव्हे तर कोळी आणि किडे भरवतात, आणि घरटे बांधायलाही त्यांना कोळ्याचे जाळे लागते.

प्रश्न : हमिंगबर्ड विकत घेऊन पाळता येईल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. हमिंगबर्डचे सगळे कूळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते, त्यामुळे परवान्याशिवाय त्यांचा व्यापार होत नाही. शिवाय त्यांना दिवसभर थोड्या थोड्या वेळाने खायला लागते. बाजारात कोणी 'हमिंगबर्ड' म्हणून शिंजीर दाखवला तर तो पकडणे आणि विकणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घेऊ नका आणि वन विभागाला कळवा.

प्रश्न : गॅलरीतल्या वेलीला शिंजिराचे लोंबते घरटे आहे. त्यातच नर रोज खिडकीच्या काचेवर चोच आपटतो. काय करावे? (वाचक, चेंबूर)

उत्तर : काचेत त्याला प्रतिस्पर्धी नर दिसतो. काचेच्या आतून कागद लावून उपयोग नाही, उलट प्रतिबिंब अधिक ठळक होते. बाहेरच्या बाजूने जुनी चादर किंवा वर्तमानपत्र लावा, किंवा काचेवर बाहेरून साबणाच्या पाण्याचा हात फिरवून तो तसाच वाळू द्या. प्रतिबिंब पुसट झाले की तो थांबतो. स्कूटरच्या आरशाशी भांडत असेल तर आरशावर पिशवी घाला.

घरट्याला हात लावू नका. घरटे बांधते मादी. त्याचे तोंड बाजूला असते आणि तोंडावर छोटी पागोळी असते, पाऊस आत जाऊ नये म्हणून. अंडी बहुधा दोन. साधारण दोन आठवडे उबवणी आणि त्यानंतर तेवढाच काळ, थोडा अधिक, पिल्ले आत. या दिवसांत वेल छाटू नका, फ्लॅश वापरून फोटो काढू नका आणि झाडाला पाणी घालायचे ते मादी बाहेर गेल्यावर, थेट मुळाशी. घरट्याजवळ कावळे घुटमळत असतील तर समोर माणसांची ये-जा कमी करा. आपण सारखे डोकावलो की कावळ्यांनाही घरटे कळते. घरटे सुटून खाली पडले आणि पिल्ले आत जिवंत असतील, तर ते त्याच जागी, तोंड त्याच दिशेला ठेवून, सुतळीने बांधा आणि आतून, पडद्याआडून बघा. मादी बहुतेक तासाभरात परत भरवायला लागते. नाहीच आली तर पिल्लांना पाणी किंवा दूध पाजू नका. त्यांना हवा जाणाऱ्या छोट्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा आणि पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला किंवा वन विभागाच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.